भट्टी विझवण्याआधी

आमच्या घराची चूल चाळीस वर्षं भट्टीवर पेटली. बेळगावच्या उद्यमबागेत मामंजींनी लहानशी फाउंड्री काढली होती. पंपांची आवरणं, यंत्रांचे सुटे भाग असं बिडाचं ओतकाम तिथे व्हायचं. भट्टी कुपोल्याची. उभं, उंच, लोखंडी नळकांडं. वरून कोक, बिडाचे तुकडे आणि चुनखडी टाकायची, खालून हवेचा झोत सोडायचा, की तळाशी धातूचा रस जमतो. बघायला सुंदर, पण धूर असा की भट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या घरांत कोणी पापड वाळत घालत नसे.

सासूबाई प्रवचनाला नेमाने जायच्या. एकदा चातुर्मासात श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांचं विवेचन झालं. त्यात पहिलं अंगारकर्म, म्हणजे विस्तवावर चालणारा धंदा. कोळसे पाडणं, भट्ट्या लावणं हे सगळं त्यात आलं. सासूबाई घरी आल्या त्या गप्पच. रात्री जेवताना त्यांनी मामंजींना विचारलं, "आपलं काय हो?" मामंजींनी ताटावरून मान वर न करता उत्तर दिलं, "भट्टीवर बारा माणसं आहेत. त्या बारा घरांचं जेवण कुठल्या कर्मात धरायचं ते महाराजांना विचारून ये." सासूबाईंनी विचारलं की नाही, मला माहीत नाही. पण तो प्रश्न मात्र माझ्याकडे वारशाने आला.

पुढे यजमानांच्या काळात धुराबद्दल नोटीस आली आणि कुपोला काढून विजेची इंडक्शन भट्टी बसवावी लागली. मुदत थोडी, कर्ज मोठं. कसंबसं केलं. धूर गेला. पण आमचे जुने भट्टीमिस्त्रीही गेले. झोताच्या भोकातून ज्वाळेचा रंग पाहून रस तयार झाला की नाही हे सांगण्यात त्यांची हयात गेली होती. नव्या भट्टीला तापमानाचा आकडा दिसतो, तिला त्यांच्या डोळ्यांची गरज उरली नाही. आम्ही त्यांना हिशेबाचे पैसे दिले, नारळ दिला. दाराशी उभं राहून ते म्हणाले, "वहिनी, आधी सांगितलं असतं तर मी पण शिकलो असतो की."

हे वाक्य डोक्यातून जाईना. वाचनाची सवय असल्यामुळे मी शोधू लागले, की हे काम एखाद्या अख्ख्या देशाने कसं केलं? जुना, धुराचा धंदा बंद करायचा आणि स्वच्छ धंद्याला हात द्यायचा, ही दोन्ही कामं एकाच वेळी कोणी नीट केली का? मोठ्या देशांच्या गोष्टी मोठ्या. मला आपल्या मापाचा देश हवा होता. तो सापडला डेन्मार्क. आज त्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. आपल्या बेळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत पावणेअठ्ठेचाळीस लाख होती. क्षेत्रफळ म्हणाल तर साधारण तीन बेळगाव जिल्हे. एवढासाच देश. त्याचा इतिहास वाचताना मला आमची भट्टीच दिसत राहिली.

ही गोष्ट १८९१ साली सुरू होते, एका शाळेत. आस्कोव नावाच्या गावी शेतकऱ्यांच्या मुलामुलींसाठी लोकविद्यालय होतं. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत, पण वाचन, इतिहास, विज्ञान, गाणी सगळं शिकवायचे. तिथले विज्ञानाचे शिक्षक पोल ला कूर यांनी सरकारकडून मदत मिळवून शाळेच्या आवारात वीज तयार करणारी पवनचक्की उभी केली. वारा काही आपल्या वेळेवर येत नाही, म्हणून त्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन वायू साठवायचा आणि त्याचे दिवे शाळेत लावायचे, असा त्यांचा प्रयोग. ह्या वायूच्या स्फोटांनी शाळेच्या खिडक्यांच्या काचाही फुटल्या म्हणतात. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. खेड्यांतल्या तरुणांना वीज जोडणी शिकवायचे वर्ग त्यांनी काढले. १९०४ साली तिथे शिकलेल्या योहानेस यूल नावाच्या मुलाने पुढे उतारवयात, १९५७ साली, गेडसर इथे तीन पात्यांची मोठी पवनचक्की बांधली. ती दहा वर्षं चालली. मग तेल इतकं स्वस्त झालं की वाऱ्याकडे कोणी बघेना. १९६७ साली ती बंद पडली.

म्हणजे बघा, स्वच्छ विजेची युक्ती त्यांच्या हाताशी होती आणि त्यांनीच ती बाजूला ठेवली. स्वस्त धुरापुढे चांगली युक्तीही टिकत नाही.

मग १९७३ साल उजाडलं. अरब देशांनी तेल आवळलं. त्या वेळी डेन्मार्कच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परदेशी तेलावर भागत होता. घर गरम ठेवायला तेल, वीज करायला तेल, गाडीला तेल. आणि हिवाळा तोंडावर. २५ नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. रिकाम्या रस्त्यांवरून माणसं सायकलने आणि पायी जाऊ लागली.

आता ह्यातली खाचखळग्याची बाजू सांगते, कारण ती बहुतेक लेखांत गाळलेली असते. तेलाचा दोर तुटल्यावर ह्या देशाने पहिल्यांदा वारा धरला नाही, कोळसा धरला. वीजकेंद्रं तेलावरून कोळशावर नेली. ऐंशीच्या दशकात त्यांची बहुतेक वीज बाहेरून आणलेल्या कोळशावर होत होती. एक काळं सोडलं आणि त्याहून काळं घेतलं. आम्ही तरी काय केलं? कुपोला काढला, विजेची भट्टी आणली. पण कर्नाटकात रायचूरला, बळ्ळारीला कोळशावरची वीजकेंद्रं आहेतच. उद्यमबागेतला आमचा धूर काही अंशी तिकडे गेला, एवढंच. तो आमच्या डोळ्यांआड झाला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास घेतला.

सरकारचा दुसरा बेत अणुवीजकेंद्रांचा होता. त्याला लोकांनी हरकत घेतली, आणि त्यात बायका पुढे होत्या. १९७५ साली अ‍ॅने लुंड नावाच्या एका तरुण विद्यार्थिनीने पिवळ्या पार्श्वभूमीवर हसरा लाल सूर्य काढला. भोवती शब्द होते, अणुवीज नको, आभारी आहोत. नकार आणि तोही हसतमुखाने! आपल्या घराघरांत बायका हेच करत आल्या आहेत. तो सूर्य पुढे कितीतरी भाषांमध्ये गेला. १९८५ च्या मार्च महिन्यात तिथल्या संसदेने अणुवीज सोडून पुढची आखणी करायचं ठरवलं.

पण नुसतं नको म्हणून दिवा लागत नाही. नको म्हणणाऱ्या लोकांनी त्याच वर्षांत स्वतःच्या हाताने चक्क्या बांधायला घेतल्या. एका सुताराने आपल्या अंगणात बांधली. ट्विंड इथल्या शाळांमधल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी तीन वर्षं राबून १९७८ साली एक प्रचंड चक्की उभी केली. आणि धंदेवाले कोण पुढे आले? लेम गावातली वेस्टास. १८९८ साली गावातल्या लोहाराच्या दुकानातून निघालेलं हे घराणं तोवर शेतीची अवजारं नि यारी बनवत होतं. नॉर्डटँक तर टँकर आणि टाक्या बनवणारी. लोहार, टाकीवाले, शेतीपंपवाले हे लोक चक्कीवाले झाले. त्यांच्याकडे लोखंडाचं कसब होतंच, ते नव्या कामाला लागलं.

हे वाचताना मला एक गोष्ट कळली नि हसू आलं. पवनचक्कीची तीन पाती मध्यभागी ज्या गाभ्यात बसवतात तो गाभा ओतीव लोखंडाचाच असतो! म्हणजे सौंदत्तीच्या बाजूला डोंगरावर ज्या पांढऱ्याशुभ्र चक्क्या दिसतात, त्यांच्या पोटात कुठल्यातरी भट्टीचा रस आहे. स्वच्छ आणि अस्वच्छ अशी दोन घरं वेगळी नाहीत. नवं घर जुन्याच्या विस्तवावरच शिजतं.

आता सरकारने काय केलं ते बघू. मला त्यात चार गोष्टी दिसतात, आणि घर चालवणाऱ्या बाईला त्या लगेच समजतील.

पहिली, मदत दिली पण तपासून दिली. १९७८ साली रिसो इथे चक्क्या तपासण्याचं केंद्र काढलं. १९७९ पासून चक्की घेणाऱ्याला किमतीच्या तीस टक्के अनुदान मिळू लागलं, पण चक्की त्या केंद्राने मान्य केलेली असेल तरच. त्यामुळे पाती तुटून उडणाऱ्या चक्क्या बाजारात टिकल्या नाहीत. दुसरी, मदत संपणार हे ठरलेलं होतं. हे अनुदान हळूहळू कमी करत १९८९ साली थांबवलं. मूल चालायला लागलं की आपण बोट सोडतो ना, तसं. त्यानंतर वीज कंपन्यांनी चक्कीची वीज ठराविक भावाने घ्यायची, असा कायदा आला, म्हणजे पायाखाली जमीन राहिली.

तिसरी गोष्ट धुरावर कर. १९८६ साली जगात तेल पुन्हा स्वस्त झालं. १९६७ सारखं पुन्हा घडू शकलं असतं. पण ह्या वेळी सरकारने कर वाढवून तेल घरात स्वस्त होऊ दिलं नाही. १९९२ साली कोळसा-तेलातून निघणाऱ्या कार्बन वायूवर कर लावला. लोकांना आवडला असेल का? कर कोणाला आवडतो! पण एका खिशातून काढलेलं दुसऱ्या कामाला जाताना दिसत होतं. कारखान्यांना सवलतीही दिल्या, काही तर गरजेपेक्षा जास्तच दिल्या असं टीकाकार म्हणाले.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, मालकी. आपल्याकडे जशी दूध सोसायटी, तशी तिथे १८८२ सालापासून सहकारी डेअऱ्यांची रीत होती. तीच रीत चक्कीला लावली. गावातल्या पंधरा-वीस, पन्नास घरांनी मिळून चक्की घ्यायची, प्रत्येकाने आपल्या घरच्या वापराच्या मानाने भाग घ्यायचे. आसपास राहणाऱ्यालाच भाग मिळतील असे नियमही होते. २००१ पर्यंत एक लाखाहून जास्त कुटुंबांचे अशा चक्क्यांमध्ये भाग होते. कोपनहेगनच्या किनाऱ्यापाशी २००० साली उभ्या राहिलेल्या वीस चक्क्यांपैकी निम्म्यांची मालकी साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेकडे होती. जिचा आवाज ऐकू येतो ती चक्की आपली असेल, तर तो आवाज खुपत नाही. आमच्या शेजारणींना आमचा कुपोला खुपायचा, आम्हाला कधी खुपला नाही, ह्याचं कारण तेच.

हे उलट्या बाजूनेही सिद्ध झालं. २००१ साली तिथे सरकार बदललं, मदतीचा हात आखडला, आणि चक्क्या मोठ्या, महाग, दूरच्या गुंतवणूकदारांच्या होत गेल्या. तेव्हा त्याच देशात गावोगाव चक्क्यांना विरोध सुरू झाला. मग कायदा करावा लागला, की नवी चक्की उभारणाऱ्याने निदान वीस टक्के भाग जवळच्या रहिवाशांना देऊ करावेत. हातातून सुटलेलं कायद्याने परत धरायची ती खटपट होती.

इथवर झाली नव्याला हात देण्याची गोष्ट. ती तशी गोड आहे, फीत कापायला कोणीही येतं. खरी परीक्षा बंद करण्याची. भट्टी पेटवायला पुरोहित बोलावतात, विझवायला कोणी बोलावत नाही.

डेन्मार्कने स्वतःच्या समुद्रातून १९७२ पासून तेल काढायला सुरुवात केली होती. चक्क्या वाढत होत्या तसं हे तेलही वाढत होतं, आणि त्या पैशावर देश सुखात होता. हे विसरून त्यांना संत ठरवायला नको. ३ डिसेंबर २०२० च्या रात्री तिथल्या सरकारने संसदेतल्या बहुतेक पक्षांबरोबर करार केला. तेल शोधायचे नवे परवाने आता देणार नाही, आणि २०५० साली तेल काढणं पूर्ण थांबवू. त्या वेळी युरोपीय संघात सर्वांत जास्त तेल काढणारा देश तोच होता. टीका दोन्हीकडून झाली. कोणी म्हणालं, तीस वर्षं हा फार लांबचा वायदा. कोणी म्हणालं, विहिरी आटत आल्या, परवान्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, तेव्हा त्यागाचा आव कशाला? दोन्हीत तथ्य आहे. पण तारीख जाहीर झाली. पुढच्याच वर्षी कोस्टा रिका ह्या दुसऱ्या छोट्या देशाला बरोबर घेऊन त्यांनी ग्लासगोच्या परिषदेत तेल-वायू थांबवू पाहणाऱ्या देशांचा गट काढला. कोस्टा रिकाने तर तेलाचा शोध २००२ सालीच थांबवला होता.

तारखेचं महत्त्व कळायला एस्ब्यर्ग हे बंदर बघावं. पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव आधी मासेमारीवर जगलं, मग तेलाच्या फलाटांना माणसं नि सामान पुरवून. २००२ साली जवळच्या समुद्रात ऐंशी चक्क्या उभ्या राहिल्या आणि त्यांचं सामान ह्याच बंदरातून गेलं. म्हणजे तेल थांबवायची तारीख ठरली त्याच्या अठरा वर्षं आधी त्या धक्क्यावर नवं काम येऊन बसलं होतं. जहाजं, यारी, समुद्रात चढउतार करणारी माणसं, हे कसब दोन्हीकडे लागतं. त्याच गावचं कोळशावरचं वीजकेंद्र २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. पण गावच्या घरांना त्या केंद्राची ऊब नळांतून जायची. ती तोडून कसं चालेल? म्हणून आधी समुद्राच्या पाण्यातली उष्णता खेचणारे मोठे पंप आणि लाकडावर चालणारा बॉयलर बसवला, मग केंद्र विझवलं.

लाकडाचं नाव निघालं म्हणून सांगते. कोळशाच्या जागी बऱ्याच केंद्रांनी लाकडाच्या गोळ्या जाळायला घेतल्या, त्यातल्या पुष्कळ परदेशांतून येतात. हिशेबात ते स्वच्छ धरतात. पण कुठलं तरी जंगल त्यात जातंच. सासूबाईंनी ऐकलेल्या त्या पंधरांच्या यादीत अंगारकर्मानंतर लगेच वनकर्म येतं, हे मला तेव्हा आठवलं. एका दोषातून निघताना दुसऱ्यात पाय पडतो की काय, हे बघत चालावं लागतं.

आणि अजून त्यांचं मोठं काम बाकीच आहे. ह्या देशात माणसांपेक्षा डुकरं जास्त आहेत, मांस नि लोण्याची निर्यात हा त्यांचा पिढीजात धंदा. गुरांच्या नि डुकरांच्या पैदाशीतून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर लावायचं त्यांनी २०२४ मध्ये ठरवलं. असा कर ठरवणारा तो पहिलाच देश. आपल्याला वाटेल, कर कशाला, बंदच करा की! मलाही तसं वाटलं. पण तिथे शेतकरी संघटना, कामगार, निसर्गप्रेमी, सरकार सगळे एका टेबलाशी महिनोन्महिने बसले, कर कमी ठेवला, सवलत दिली, आणि जमिनीत झाडं लावायला पैसा काढला. माझ्या मनाला ते अपुरं वाटतं. तरी त्या टेबलाशी शेतकऱ्याला खुर्ची होती, हे मी विसरू शकत नाही. आमच्या भट्टीमिस्त्रींना नव्हती.

आज डेन्मार्कच्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वाऱ्यावर होते. ह्या यशाचं कारण वारा असं कोणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. वारा १९६७ सालीही तेवढाच होता. फरक पडला तो क्रमाने. नवं आधी उभं केलं, ते शेजाऱ्यांच्या मालकीचं केलं, धूर महाग ठेवला, आणि जुनं कधी थांबणार हे आधी सांगितलं. जिथे हा क्रम चुकला तिथे ते अडखळले. घाईत तेल सोडलं तेव्हा कोळसा पदरात आला. मालकी सुटली तेव्हा गावं उलटली.

मामंजींचा प्रश्न मी इतकी वर्षं सांभाळला. बारा घरांचं जेवण कुठल्या कर्मात धरायचं? आता मला वाटतं, तो प्रश्न खरा होता, पण मामंजींनी तो भट्टी चालू ठेवायला वापरला. भट्टी नीट बंद करायलाही तो तितकाच उपयोगी पडला असता. बारा घरांची काळजी होती, तर नोटिशीची वाट न बघता पाच वर्षं आधी ठरवायचं होतं. दोन माणसांना विजेच्या भट्टीवर शिकायला पाठवायचं होतं. मिस्त्रींचा डोळा साच्यांच्या तपासणीला लावायचा होता. ह्यातलं काहीच आमच्या ऐपतीबाहेरचं नव्हतं. आम्ही धुराचं बघितलं, माणसांचं राहून गेलं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी धंदा आहे. कोणाची फाउंड्री, कोणाचा ट्रक, कोणाचं तंबाखूचं गोदाम, कोणाचं प्लास्टिकच्या पिशव्यांचं दुकान. त्यातलं काही ना काही आज ना उद्या बंद करावं लागणार आहे. जेवताना हा विषय काढावा. सासूबाईंनी काढला होता, फक्त उत्तर ऐकून त्या गप्प बसल्या. त्यांनी पुढे एवढंच विचारायला हवं होतं, "बरं, मग बंद कधी करायचं, आणि त्या बाराजणांना केव्हा सांगायचं?"